नात्यानं कोण लागतो?

माझं हिंदी छावणीतलं. बेळगावच्या कँपात एका शिंप्याकडं मी काजं-बटणं करायला होतो. तिथं साहेबांचे खानसामे कपडे घेऊन यायचे. त्यांच्याशी 'इधर ढीला है, उधर तंग है' एवढं बोलता येऊ लागलं, आणि तेवढ्या भांडवलावर निपाणीला परत आल्यावर मी आपल्याला हिंदी येतं असं सांगत सुटलो. आमचे मुसलमान शेजारी दख्खनी बोलायचे. ते माझं हिंदी ऐकून हसायचे. मी ते कौतुकाचं हसणं समजायचो.

तंबाखूची खरेदी उरकून वखारी मोकळ्या होत आल्या की गावाबाहेरच्या माळावर फिरता सिनेमा उतरायचा. मोठा तंबू, त्यात एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बायका, मधे दोरी. बसायला ज्याचं त्यानं गोणपाट आणायचं. एरवी देवादिकांचे खेळ यायचे. त्यांना सांगणारा लागत नसे. सीतेला कोण पळवतो हे गावाला पडद्याआधीच ठाऊक. पण त्या उन्हाळ्यात आलेला खेळ नव्या तऱ्हेचा होता. हिंदी बोलणारा, हसवणारा, आणि वर प्रेमाचा. तंबूच्या मालकाला धास्ती पडली की लोकांना कळलं नाही तर ते उठून जातील. त्यानं बाजारात विचारलं, हिंदी कुणाला येतं? गावानं एकमुखानं माझ्याकडं बोट दाखवलं.

काम असं: मशीन एकच, त्यामुळं एक रीळ संपलं की दिवा लागायचा आणि दुसरं चढेपर्यंत मी स्टुलावर उभं राहून पत्र्याच्या भोंग्यातून काय झालं ते सांगायचं. मी लगेच हो म्हणालो. कारण सांगतो.

आमच्याकडं मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला मान. ती पाळण्यात असल्यापासून आई तिला 'माझी सून' म्हणत आलेली. मामाही पूर्वी हसून मान डोलवायचे. पण पुढं मामांचा तंबाखूचा व्यापार वाढला, माझं वय वाढलं आणि माझी कमाई मात्र होती तिथंच राहिली. मामांनी बेळगावचं एक स्थळ बघितलं. मुलगा कचेरीत कारकून, मनगटाला घड्याळ. सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. आईनं जाऊन भांडण काढलं तर मामा म्हणाले, "आक्का, भाचा माझा लाडकाच हाय. पर लाडक्याला पोरगी दिली तर ती खाणार काय? काजं?"

म्हणून मला भोंगा हवा होता. गावासमोर काहीतरी करून दाखवायचं होतं.

पहिला खेळ सुरू झाला. पडद्यावरची माणसं जे बोलत होती त्यात ढीला आणि तंग हे दोन्ही शब्द नव्हते. नुसतं बघून जे समजलं ते असं: एका शेठची मुलगी. तिच्याकडं साहेबांच्या बंगल्यात असते तसली, आत तारा असलेली मोठी बाजाची पेटी. ती बिघडते. दुरुस्त करायला एक तरुण येतो. दोघं भांडतात, हसतात. तो दुरुस्त करून जातो. मग ती मुद्दाम पेटीची तार तोडते, म्हणजे तो परत यावा. तो परत येतो. पुन्हा हसतात.

दिवा लागला. तंबूत कुणी हसत नव्हतं. मी भोंगा तोंडाला लावायच्या आत बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उभी राहिली.

"ए सांगणाऱ्या! ह्यो तिचा कोण?"

"पेटी दुरुस्त करणारा," मी म्हणालो.

"ते दिसतंय रं. नात्यानं कोण लागतो?"

मागून तोच प्रश्न कानडीत आला. पुरुषांच्या बाजूलाही कुजबूज सुरू झाली. एकानं तर गोणपाट झटकून काखेत मारलं. तंबूचा मालक दारातून माझ्याकडं हातवारे करू लागला. वयात आलेली पोरगी, परका बाप्या, आणि दोघं दात काढतायत. ह्याला काही नातं सापडल्याशिवाय आमची माणसं पुढचं रीळ बघणार नव्हती. माझ्या डोक्यात त्या दिवसांत एकच नातं फिरत होतं. तेच तोंडातून निघालं.

"आत्याचा पोरगा!"

"आगं बया!" म्हातारी खाली बसली. "मग आधी सांगू नये व्हय, मुडद्या? हसू दे की मग!"

त्यानंतर गाव जे हसलं! ती तार तोडायला लागली की बायका ओरडायच्या, "तोड गं, तोड!" तो पायरीवर घसरला की "भाचा पडला, भाचा पडला!" शेजारच्या वखारीतून तंबाखूचा वास यायचा आणि ऐन प्रेमाच्या प्रसंगी अर्धा तंबू शिंकायचा, तरी कुणी जागचं हललं नाही. आणि पुढच्या रिळात शेठनं त्या तरुणाला नोकरांकडून दाराबाहेर काढलं, तेव्हा पडद्यावर चप्पल आली.

"सख्ख्या भाच्याला हाकलतोय, थेरडा!"

बघता बघता तंबू रोज भरायला लागला. तीच माणसं पुन्हा पुन्हा यायची, शेठला शिव्या घालायला. मलाही चेव चढला. शेठनं भाच्याऐवजी एका पागोटेवाल्या श्रीमंताला मुलगी द्यायचं ठरवलंय, हे खरंच पडद्यावर दिसत होतं. त्यात 'बहिणीला दिलेला शब्द मोडला' एवढं मी घरचं घातलं.

गाव काही खुळं नव्हतं. मामा बाजारातून निघाले की दुकानादुकानातून विचारणा व्हायची, "काय आप्पा, पागोटं ठरलं का?" मामांनी सिनेमा बघितला नव्हता. त्यांना काही कळेना. शेवटी ते वैतागून स्वतःच आले, घरच्या बायकांना घेऊन. मोठे व्यापारी म्हणून त्यांना पुढं खुर्ची मिळाली. बायकांच्या बाजूला माझी आई आणि तिच्या शेजारी मामांची मुलगी. मी भोंगा पुसला, टोपी सरळ केली.

मामा तल्लीन झाले. पेटीला हसले, घसरण्याला हसले. शेठनं नोकरांना हाक मारली, तसे ते खुर्चीवरून अर्धे उठले. नोकरांनी त्या पोराचं बखोटं धरलं आणि मामांना राहवेना.

"अरं ए थेरड्या!" ते गरजले. "बहिणीच्या पोराला दारातनं हाकलतोस? काय लाज?"

मग मागच्या अंधारातून कुणीतरी अगदी आदबीनं विचारलं, "आप्पा, कुणाला म्हणालायसा?"

जे हसू उसळलं त्यात पुढचं अर्धं रीळ वाया गेलं. मामा खाली बसले आणि तपकिरीची डबी शोधत राहिले. पण माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती. माझी मामेबहीण सगळ्यांबरोबर हसत नव्हती. ती भलत्याच ठिकाणी, एकटीच हसत होती. मी बोलायला लागलो की हमखास.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा आमच्या दारात. "आक्का, मी जरा घाईच केली वाटतं. बेळगावकरांस्नी थांबा म्हणून सांगतो."

आईनं त्यांना चहा दिला आणि आत येऊन पदरानं डोळे पुसले. मी जिंकलो होतो. दुपारी मामेबहीण आमच्याकडं शेंगा द्यायला आली. आई आत गेली तशी मी ऐटीत विचारलं, "कसा वाटला सिनेमा?"

"कुठला? पडद्यावरचा का तुमचा?"

माझी ऐट जरा खाली आली. ही बेळगावजवळ अनगोळला मावशीकडं राहून शिकत होती हे मला माहीत होतं. तिथं हिंदीचे वर्ग निघालेत आणि ही त्यांची पहिली परीक्षा पास झाली आहे, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

"बापानं त्याला हाकलल्यावर ती बापाला काय म्हणाली?" तिनं विचारलं.

"म्हणाली, बाबा, हा माझ्या आत्याचा..."

"ती म्हणाली, हा माझा कुणी लागत नाही. मला आवडला म्हणून मी तार तोडली."

"तसं सांगितलं असतं तर लोकांनी तंबू पेटवला असता!"

"पेटवू देत. आप्पांनी आधी मला घड्याळाला दिलं. आता लोक हसले म्हणून आत्याच्या पोराला देतायत. मला कोण हवंय हे कुणी विचारलंय?"

"मी विचारतो की," मी म्हणालो.

"तुम्ही नका विचारू. तुम्ही मी म्हणेन त्याच्या उलटंच आत्याला सांगाल." ती शेंगांची पाटी रिकामी करत म्हणाली. "आज शेवटचा खेळ आहे. ती म्हणते तसं सांगा, शब्दाला शब्द. नाही सांगितलंत तर आप्पांना मी म्हणेन, बेळगावच बरं. तो निदान हिंदी येतं म्हणून सांगत फिरत नाही."

"आणि सांगितलं तर?"

"तर बघू."

आता माझी पंचाईत बघा. गप्प राहावं तर मुलगी जाते. बोलावं तर सगळा डाव ज्या एका नात्यावर उभा, तेच मी सगळ्या गावासमोर काढून टाकणार, आणि मामा पुन्हा घड्याळाकडं वळणार. तिच्या बाजूनं मिळणार काय? 'बघू.'

संध्याकाळी तंबू फुटायच्या बेताला आला होता. मालक म्हणाला, "लई गर्दी हाय. रोजचंच सांग. नवीन अक्कल पाजळू नकोस." मामा कालच्याच खुर्चीवर होते, अंगात नवा सदरा. आज त्यांना लोकांना दाखवायचं होतं की आपण काही तो शेठ नव्हे.

ते रीळ संपलं. दिवा लागला. भोंगा उचलला तर आतून फक्त माझा श्वास ऐकू येत होता.

"मंडळी," मी म्हणालो, "इतके दिवस सांगितलं ते माझ्या पदरचं होतं. ती आत्ता बापाला म्हणाली, हा माझा कुणी लागत नाही. आत्याचा न्हाय, मामाचा न्हाय. मला आवडला म्हणून मी तार तोडली."

मग तीच म्हातारी उठली.

"म्हंजे परका?"

"परका."

"आणि आम्ही रोज तिला तोड गं, तोड म्हणतोय!"

मग मात्र माळ दणाणला. कुणी मला खोटारडा म्हणालं, कुणी पैसे परत मागितले. माझ्या दिशेनं एक गोणपाट आलं. त्या गोंधळात मामा उठून उभे राहिले. चेहरा उजळलेला.

"मग त्या बापाचं चुकलं काय?" त्यांनी सगळ्यांना विचारलं. "परक्या पोराला हाकललं, बरंच केलं की! उगा मला बाजारात हिंडू दिलं न्हाईसा!"

लोकांना ते पटलं. दोनचार जणांनी मान डोलवली. मी स्टुलावरून उतरून खाली बसलो. बायकांच्या बाजूला बघायचा धीर झाला नाही. उठून गेलं मात्र कुणी नाही. पुढं काय होतं ते तर बघायला हवं होतं. शेवटच्या रिळात शेठ हातातली काठी बाजूला ठेवतो आणि मुलीला काहीतरी विचारतो. तेवढं हिंदी मलाही कळलं. दिवा लागल्यावर मी बसल्या जागेवरूनच सांगितलं, "तुला काय हवंय, असं विचारतोय."

म्हातारी नाक शिंकरत म्हणाली, "विचारलं एकदाचं. आधीच विचारलं असतं तर पेटीची खराबी तरी वाचली असती."

घरी जाताना मामा आमच्यापुढं चालत होते. त्यांच्या दारात थांबले. आता पारडं आपलं जड आहे, ह्या खुशीत असावेत. लेकीला म्हणाले, "विचारायला माझं काय जातंय? बोल गं, तुला काय पायजे? बेळगाव का आत्याचं घर?"

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

"त्यात विचार कसला?"

"मला पहिल्यांदाच विचारलंय, आप्पा. वेळ लागणार."

मृग गेला, आर्द्रा गेल्या. बेळगावकरांनी कंटाळून मुलाचं खानापूरकडं जमवलं. मी बाजारात एका दुकानाच्या कोपऱ्यात शिलाईचं मशीन भाड्यानं घेऊन बसलो आणि हिंदीचा विषय कुणी काढला की पाय जोरात मारायला लागलो. मामा येता जाता माझ्या मशीनजवळ टेकायचे. आम्ही दोघं एकाच उत्तराची वाट बघत होतो, त्यामुळं आमचं इतकं जमलं की आईला नवल वाटायचं.

श्रावणात एका दुपारी मामांनी मला घरी नेलं. ती सोप्यात बसून मटकी निवडत होती. मामांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "झाला का विचार?"

"झाला."

"मग?"

तिनं मान वर केली नाही. "चालेल," म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

मामा माझ्याकडं वळले.

"चालेल म्हंजे काय रं? आनंदानं म्हणाली का रागानं? आवडला म्हणून का आत्याचा म्हणून? तू सांग की, तूच सांगणारा न्हवं?"

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. आतून मडक्यात मटकी ओतल्याचा आवाज आला.

"मामा," मी म्हणालो, "चालेल म्हणाली."