दाजींच्या कपाटातले 'हे'

देवाने उदगीरच्या लोकांना स्मरणशक्ती जरा कमीच दिली आणि तिची भरपाई म्हणून आमच्या दाजींना तिथे धाडलं, असं माझं ठाम मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गावातल्या वाचनालयात त्यांनी ग्रंथपाल म्हणून जन्म काढला. पुस्तकांवर प्रेम होतंच, पण जीव होता तो मागच्या खोलीतल्या एका लोखंडी कपाटात. लोकांच्या घरचे जुने अल्बम, सुटे फोटो, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, निजामाच्या काळातले उर्दू कागद, एवढंच काय, कुणीतरी नव्या नवरीला घेऊन केलेल्या प्रवासाचं एसटीचं तिकीटसुद्धा त्यात पाकिटात घालून, नंबर टाकून ठेवलेलं होतं. "पुस्तकं पुण्यातबी मिळतील," दाजी म्हणायचे, "पर हे तिकीट कुठं मिळंल?"

हा ठेवा गोळा करायची त्यांची रीत मात्र घाम फोडणारी. कुणाकडे तेरावं असलं की दाजी हजर. जेवून हात धुतले की घरधन्याला बाजूला घेऊन म्हणणार, "माळ्यावरची ट्रंक भंगारात देऊ नका बरं." त्यामुळे त्यांनी एखाद्या म्हाताऱ्याच्या प्रकृतीची नुसती चौकशी केली तरी घरात कुजबुज सुरू व्हायची. आडतीचं दुकान असलेले एक आजोबा तर ओट्यावरूनच ओरडले होते, "अजून हाव मी! अल्बम नंतर न्या!" दाजींना त्याचं काही वाटलं नाही. "लिहून ठेवतो," म्हणाले.

खरी पंचाईत होती ती फोटोंच्या पाठीवर. आपल्याकडे बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, एरवी नाही. मग लिहायचं तरी कसं? बायकांनी हौसेने लिहिलेलं असायचं, "मी व हे, औंढा नागनाथ." "हे, नव्या सायकलवर." असे कपाटभर 'हे' जमा झाले आणि कुठला 'हे' कुणाचा ते सांगणारी माणसं एकेक करून चालली. दाजींना त्याचीच टोचणी. फोटो पिशवीत घालून ते देवणीपर्यंत घरं पालथी घालायचे. एकदा फेट्यातल्या एका 'हे'ला तीन घरांनी आपला म्हटलं, तेव्हा दाजींनी तिन्ही नावं पेन्सिलीने लिहून ठेवली.

कपाटाचे कायदे कडक. आत गेलेली वस्तू बाहेर जाणार नाही, तिथेच टेबलाशी बसून पाहायची. त्याआधी वहीत नाव, फोटोतल्या माणसाशी नातं आणि पाहण्याचं कारण लिहायचं. कुणी 'सहज' असं लिहिलं की दाजींचा पारा चढायचा. "सहज म्हंजे काय? कारण लिहा, न्हाईतर पेपर वाचत बसा."

आणि एके दिवशी दाजींनी स्वतःच्या लग्नाचा अल्बमही त्या कपाटात दिला. अक्का शाळेत शिक्षिका, आवाज खणखणीत. "माझा शालू गावाला कशाला दाखवायलात?" "लोकांचा मागतो, मग आपला कसा दडवू?" घरात आठ दिवस अबोला. नवव्या दिवशी अक्का भर दुपारी वाचनालयात गेली आणि वहीत लिहिलं, नातं: स्वतः, कारण: सहज. दाजींनी वही परत तिच्यापुढे सरकवली. "कारण लिहा, बाई." "माझंच लगीन बघायला कारण लागतंय व्हय?" म्हणत अक्का अल्बम न पाहताच घरी आली. हा किस्सा ती दाजींच्या देखत सांगायची आणि दाजी खाली बघून हसायचे.

अक्का दोन वर्षांपूर्वी गेली. मोबाईलमध्ये तिचे ढीगभर फोटो होते, त्यातलाच एक भिंतीवर लागला. दाजी त्याच्याकडे बघेनात. "ही दवाखान्यातून आल्यावरची हाय," म्हणायचे. त्यांना तो अल्बम हवा होता, आम्हाला सगळ्यांना ते दिसत होतं. मी लातूरहून मुद्दाम गेलो आणि त्यांना वाचनालयात नेलं. दाजी तोवर निवृत्त झालेले. त्यांच्या जागी आलेली मुलगी भली होती. "सर, घरी घेऊन जा, मी कुणाला सांगत नाही," ती म्हणाली. दाजी ताठ झाले. "आज माझा गेला तर उद्या समदे मागतील. कपाट रिकामं व्हायला किती दिवस लागतात?"

मला त्यांचा रागच आला. माझी बहीण होती ती. तरी म्हटलं, "मोबाईलवर काढून देतो. फोटोमागचं तिचं अक्षरही काढतो."

"ती पेन लई दाबून लिहायची," दाजी म्हणाले. "बोटाला लागतंय ते. मोबाईलमधी लागंल का?"

मी मोबाईल खिशात ठेवला.

आता ते रोज अकराला तिथे जातात. एक फोटो अल्बमातून अलगद काढून उलटा करतात आणि अक्षरावरून बोट फिरवतात. "मी व हे" एवढंच लिहिलंय. "दाजी, इथं तरी तुमचं नाव लिहा की," मी एकदा म्हटलं. "राहू दे," म्हणाले, "तिनं म्हटलेलंच बरं हाय."

गेल्या महिन्यात ते असे बसलेले असताना मी वही चाळली. पानंच्या पानं त्यांच्याच नावाची. प्रत्येक ओळीत नातं: हे. कारण: सहज.

मी वही मिटली आणि पेपर वाचत बसलो.