वाणातली बाटली

२२ जानेवारी. पुण्यातल्या दवाखान्याच्या बेसिनवर नातवाचं झबलं चोळत होते, तेवढ्यात डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. ‘कॉरोझिव्ह इंजुरी’ म्हणाल्या. म्हणजे जहाल रसायनानं अन्ननलिका आतून भाजली. वेदांत सव्वा वर्षाचा.

आदल्या दिवशी यवतच्या आमच्या घरात तो मोरीपर्यंत गेला आणि थंड पेयाची बाटली तोंडाला लावली. बूच सैल होतं. आत कॉस्टिक सोड्याचं पाणी होतं.

बाटली आली कुठून? धाकटे दीर कुरकुंभला एका कारखान्यात आहेत. मोऱ्या धुवायला तिथलं कॉस्टिक गुपचूप घरी आणतात. यंदा जाऊबाईंनी तेच रिकाम्या बाटल्यांत भरून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटलं. डब्या, चाळण्या सगळेच देतात, हे कसं उपयोगी, म्हणून आळीभर कौतुक झालं. बाटलीवर रसायनाचं नाव नाही आणि दिसायला अगदी पाणी.

पोर किंचाळलं तशा शेजारणी धावल्या. सून नको नको म्हणत असताना त्यांनी मीठपाणी पाजून उलटी काढली. डॉक्टरबाई त्यावर कडाडल्या. “उलटी कुणी काढली? आत जाताना भाजलं, वर येताना पुन्हा भाजलं!”

तुमच्याकडे असं झालं तर उलटी काढू नका. मीठ नको, लिंबू नको. बाटली सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

मग एंडोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची बारीक नळी घालून आतली जखम बघणं. आम्ही बाहेर बाकावर. फोनवर प्रत्येकाचा एकच प्रश्न, “आईचं लक्ष कुठं होतं?” आई घरादाराच्या भाकरी थापत होती. बापाचं लक्ष कुठं होतं, हे एकानंही विचारलं नाही. बाटली भरणाऱ्यांना तर नाहीच नाही.

दीर भेटायला आले. “वहिनी, गिरह फिरलं की आसंच व्हतं बगा. नारळ फोडू.”

“भाऊजी, गिरहांनी बाटली भरली न्हाई. तुम्ही दोघांनी भरली.”

ते चहा न घेता गेले.

जखम खोल नव्हती. दूध द्यायला नाकातून घातलेली नळी निघाली, वेदांत पेज गिळू लागला. जखम भरताना अन्ननलिका आकसते का, हे बघायला पुन्हा जायचंय. लोक नशिबाचे आभार मानायला सांगतात. मी डॉक्टरबाईंचे आणि नळी बदलताना त्याला गाणी म्हणणाऱ्या नर्सताईंचे मानते.

घरी आलो त्या संध्याकाळी समोरच्या सुमनच्या मोरीत तसलीच बाटली दिसली. शेजारी तिची नात भांडी मांडून खेळत होती. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेऊन मी घरोघर फिरले. सुमन अडून बसली. “वाण कवा माघारी मागत्यात व्हय, ताई? अपशकुन व्हतो.”

“माझ्या घरी झाला तेवढा बास. आण ती बाटली.”

आळीतल्या सगळ्या बाटल्या घेऊन दिरांच्या दारी गेले. ते कारखान्याच्या पाळीला निघाले होते. म्हटलं, “जिथून आणलं तिथं पोचतं करा.”

“आवो वहिनी, नोकरी जाईल माझी!” जाऊबाई पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

मी बादली दिरांच्या हातात दिली आणि ती घेऊन ते निघेपर्यंत दारातून हलले नाही.