नेढ्यापलीकडचं घरटं

आमच्या गावात ज्याच्या म्हणून ओळखपत्रावर फोटो आहे, त्याचा चेहरा भाऊजींनी बिघडवलेला आहे. "हनुवटी खाली, डोळे उघडे, हसू नका," एवढं म्हणून ते बटण दाबायचे आणि चांगला घरंदाज माणूस फोटोत फरारी दिसू लागायचा. कुणी तक्रार केली तर म्हणायचे, "मी जसं दिसतं तसं काढतो." लग्नात नवऱ्या मुलीलाही ते घाई करायचे. आणि हाच माणूस एका पक्ष्याने मान वळवावी म्हणून खडकावर पाच-पाच तास बसून राहायचा. उंच, बारीक, लांब मानेचे, तासन्‌तास एका जागी न हलता उभे. गावातल्या पोरांनी त्यांना बगळा नाव ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं होतं. "बगळा हुशार असतो, वहिनी," असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांनी लग्न केलं नाही. खाली त्यांचा स्टुडिओ, मागच्या बाजूला त्यांची खोली आणि वर आमचं घर. आमचे हे बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. सकाळी माणसासारखे जातात आणि संध्याकाळी तेलाने काळे होऊन येतात. स्टुडिओत फोटो कापणं, लॅमिनेशन करणं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे होतं. बोलणं तर माझंच खातं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या ह्यांनी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात जाहीर केलं होतं आणि मी त्यावर चार दिवस अबोला धरला होता. तो चौथ्या दिवशी मलाच सहन होईना.

गाव संपलं की किनारा सुरू होतो, पण पाय बुडवून बसावं असला तो नाही. वाळू नावालाही नाही. काळे कडे सरळ पाण्यात उतरलेले, खाली लाटांचा धुमाकूळ आणि कान बधिर करणारा वारा. रस्ता नाही, वस्ती नाही. खडकांवरून दीड तास चालत गेलं की एका कड्याला आरपार भोक आहे, त्याला आम्ही नेढं म्हणतो. त्याच्या पलीकडे समुद्रात एक सुळका उभा आहे आणि त्या सुळक्याच्या माथ्यावर समुद्रगरुडांच्या जोडीचं काटक्यांचं घरटं होतं. ढीगच तो, आमच्या न्हाणीघराएवढा. भाऊजी वीस वर्षं त्या एकाच जोडीचे फोटो काढत होते. मादीच्या उजव्या पायाचं एक बोट वाकडं होतं. ते बोट मी फोटोत इतक्यांदा पाहिलं होतं की माझ्या नणंदेचा चेहरा आठवायला मला जास्त वेळ लागला असता.

त्यांचे नियम होते आणि ते शाळामास्तरासारखे पाळले जायचे. तिकडे जाताना एकच विटका करडा शर्ट, कारण पक्षी त्या शर्टाला ओळखतात. अंडी असतील तो महिनाभर तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. पिल्लू उडून गेल्याशिवाय घरट्याचा फोटो छापायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, घरट्याच्या फोटोत क्षितिज येऊ द्यायचं नाही. खडकाची कड नाही, समुद्राची रेघ नाही. पक्षी, काटक्या आणि मागे आकाश.

"ज्याला फोटो बघता येतो, त्याला कड्याची एक कड पुरते," ते म्हणायचे. "फोटो छापला म्हणजे पत्ता छापला."

मला हे पटायचं, पण माझी तक्रार वेगळी होती. माझा गुडघा जिना चढतानाच कुरकुरतो, त्या खडकांवर मी या जन्मी जाणार नव्हते. एकदा मी चिडून म्हटलं, "वीस वर्षं तुमचा डबा भरतेय, भाऊजी. तो कुठे बसून खाता, ते तरी कधी दाखवाल का नाही?"

 दोन महिन्यांनी ते एक मोठा फोटो कागदात गुंडाळून वर घेऊन आले. दिवस मावळतीचा. कड्यांची रांग धुरकट होत लांबवर गेलेली, नेढ्यातून उन्हाचा एक पट्टा पाण्यावर पडलेला, त्याच्यापुढे सुळका, आणि सुळक्यावर पंख पसरून उतरणारी ती. सगळं होतं त्यात. खालच्या कोपऱ्यात, खडकावर, माझा स्टीलचा डबासुद्धा. मी रडले. मी सहसा आनंदाने रडत नाही.

"हा घरातच ठेवायचा, वहिनी," ते म्हणाले. "आतल्या खोलीत."

मी आठ महिने ठेवला आतल्या खोलीत. मग भाऊजी दोन दिवस एका लग्नाच्या कामाला परगावी गेले. स्टुडिओच्या काचेमागे ऊन लागून पिवळी पडलेली बाळं आणि एक जुनी नवरी होती. रोज त्या नवरीचं तोंड बघून मला वीट आला होता. मला वाटलं, लोक भाऊजींना बगळा म्हणतात, एकदा बघू देत बगळा काय करतो ते. दोनच दिवस लावते, ते यायच्या आत काढते.

दुसऱ्या दिवशी एक माणूस काचेपुढे थांबला. गळ्यात भला मोठा कॅमेरा, बोलणं अगदी आदबशीर. "ताई, हा कोणी काढला? असा फोटो मी आयुष्यात पाहिला नाही." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी त्याला आत बसवलं, चहा दिला. पिल्लू आहे का, त्याने विचारलं. आहे ना, महिन्याचं झालंय, मी म्हटलं. वाट विचारली, तीही सांगितली. एवढ्यावर थांबले नाही. पासपोर्ट फोटोच्या पाकिटामागे पेनने नकाशा काढून दिला. नेढं कुठे, सुळका कुठे, कुठल्या खडकावर पाय घसरतो, सगळं. तो गेल्यावर मी फोटो उतरवून आतल्या खोलीत लावला आणि भाऊजींना चकार शब्द सांगितला नाही.

आठ दिवसांनी भाऊजी भर दुपारी परत आले. एरवी संध्याकाळ झाल्याशिवाय यायचे नाहीत. येऊन पायरीवरच बसले. डबा तसाच भरलेला.

"अकरा जण आहेत तिथे," ते म्हणाले. "समोरच्या कड्यावर कॅमेऱ्यांची तिकाटणी लावून. एकाने उडता कॅमेरा सोडलाय घरट्यावर. ती दोघं नुसती घिरट्या घालतायत. खाली उतरत नाहीत. पिल्लू उन्हात आहे."

ते परत गेले. रोज जात राहिले. प्रत्येकापुढे हात जोडले. एक जण म्हणाला, "काका, किनारा काय तुमच्या मालकीचा आहे का?" पाच-पाच तास गप्प बसणाऱ्या भाऊजींनी त्या आठवड्यात जेवढी विनवणी केली, तेवढी त्यांनी जन्मभर कधी केली नसेल. पाचव्या दिवशी पिल्लू घरट्यात मरून पडलेलं दिसलं. ते बघून लोक पांगले. जोडी निघून गेली.

मी त्याच दिवशी सगळं कबूल केलं. काच, चहा, नकाशा, काही लपवलं नाही. आमचे हे माझ्यावर असे कडाडले की शेजारची दारं उघडली. भाऊजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. "दादा, वहिनींना काही बोलायचं नाही. फोटो मी काढला. क्षितिज मी येऊ दिलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चहा टाकता का थोडा?"

त्यानंतर या विषयावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही, की टोमणा मारला नाही. मला वाटलं, किती मोठं मन. मीच सगळ्यांना तसं सांगत सुटले.

पुढच्या वर्षी घरटी बांधायचे दिवस आले तसा माझा जीव टांगणीला लागला. भाऊजी करडा शर्ट घालून गेले. परत आले तेव्हा मी दारातच उभी होते.

"आले का?"

"नाही, वहिनी. रिकामंच आहे."

मी तिथेच रडायला लागले. त्यांनी पाणी आणून दिलं. त्याच्या पुढच्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच, चौथ्या वर्षीही तेच. प्रश्न माझा, उत्तर त्यांचं, पाणी त्यांचं. दीड तासाची वाट, पण आता ते पहाटे निघून पार अंधार पडल्यावर परतायचे. मला वाटायचं, दुःखाने पाय जड झालेत. मी डब्यात दोन घास जास्त घालू लागले. मी काय करणार होते दुसरं?

पाचव्या वर्षी त्यांच्या फुप्फुसाने दगा दिला. दवाखान्यात खिडकीशेजारची खाट मिळाली होती, पण खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसायच्या. मी म्हटलं, "यंदा सुळक्याकडे कोण जाऊन बघणार?"

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "त्यांचं ते बघतील, वहिनी." दोन आठवड्यांनी भाऊजी गेले.

महिन्याभराने मी त्यांची खोली आवरायला घेतली. समुद्राच्या दमट हवेने भिंगांना बुरशी येते म्हणून ते सगळी भिंगं घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवायचे, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून. त्या पुड्यांच्या खाली एक पाकीट होतं. त्यात चार फोटो.

गरुडाची मादी, काटक्या, आकाश. खडकाची कड नाही, पाण्याची रेघ नाही. उजव्या पायाचं बोट वाकडं. चौथ्या फोटोत तिच्याशेजारी दोन पिल्लं चोची उघडून बसलेली. मागे भाऊजींच्या बारीक अक्षरात तारखा होत्या. पहिली तारीख पिल्लू मेलं त्याच्या पुढच्याच वर्षाची. "नवी जागा. एक, उडालं." मग "एक, उडालं." तिसऱ्यावर "वादळात गेलं." चौथ्यावर "दोन. दोन्ही उडाली."

मी खाली फरशीवर बसले. म्हणजे ती परत आली होती. कुठेतरी लांब, जिथे जायला-यायला आख्खा दिवस लागतो, तिथे. आणि चार वर्षं हा माणूस दारात माझ्यासमोर उभा राहून मला रडताना बघत होता, पाणी आणून देत होता, आणि एवढं एक वाक्य त्याने मला दिलं नाही. मला इतका राग आला की मी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हटलं, "मी काय कुणाला सांगितलं असतं का, भाऊजी?"

मग चारही फोटो पाकिटात परत घातले, कारण उत्तर मला ठाऊक होतं. जागा सांगितली नसती. ती मला माहीतच नसती. पण "आले बरं का आमचे गरुड" एवढं तरी दुसऱ्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकाला मी सांगितलंच असतं. भाऊजी मला पुरते ओळखून होते, आणि ज्या दिवशी त्यांनी ह्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे चहा मागितला, त्याच दिवसापासून त्यांनी मला परकी धरलं होतं.