माझ्या युद्धनौकेच्या मोऱ्या

नकाशाच्या नळीवर चिठ्ठी होती 'रेस्ट हाउस, ड्रेनेज'. झाकण काढून मी गुंडाळी टेबलावर पसरली, तर आतून रेस्ट हाउसऐवजी माझी युद्धनौका निघाली. चांगली पाच फूट लांब. आणि तिच्या अंगावर जिथे पाहावं तिथे लाल पेन्सिलीच्या खुणा. मी नंतर त्या मोजल्या. सत्तेचाळीस भरल्या.

समोरच्या टेबलावर इंदूरहून आलेले पाध्ये पेन्सिलीला टोक काढत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "मोघे, रेस्ट हाउस जरा मोठंच काढलंय तुम्ही. अन् एवढ्या तोफा कशाला? पाहुणे इतका त्रास देतात का हो?"

मला दरदरून घाम फुटला. ज्या माणसाच्या हाती हा नकाशा जायला नको होता, नेमका त्याच्याच हाती तो उन्हाळाभर होता.

झालं होतं असं. संस्थानं विलीन झाली आणि ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची लहानसहान राज्यं मिळून मध्यभारत झाला. राजधानी कुठे, यावरून दोन्ही शहरं हट्टाला पेटली. शेवटी तोड निघाली ती अशी, की हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. त्यामुळे वर्षातून दोनदा साहेब, टाइपरायटर, फायली, नकाशे असा सगळा संसार पेट्यांत भरून रेल्वेने हलायचा. नकाशे जायचे पत्र्याच्या लांब नळ्यांतून.

मी ग्वाल्हेरला फूलबागेकडच्या आमच्या बांधकाम खात्याच्या ड्रॉइंग ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन होतो. ड्राफ्ट्समन म्हणजे इमारतीचा नकाशा काढणारा. इंजिनिअर सांगतो, आम्ही काढतो, आणि भिंत वाकडी झाली की इंजिनिअर आमच्याकडे बोट दाखवतो. इंदूरच्या ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन होते पाध्ये. दोन ऑफिसं एक झाली तेव्हा हेड ड्राफ्ट्समनची खुर्ची एकच उरली. दोघांपैकी एक त्या खुर्चीवर बसणार आणि दुसरा त्याच्या हाताखाली जाणार. निर्णय होता आमचे नवे इंजिनिअर माथुर साहेब यांच्या हातात. ते उत्तर प्रदेशातून आलेले, त्यामुळे ना ग्वाल्हेरचे ना इंदूरचे. दोन्ही गावांना ते सारखेच परके होते, हीच त्यांची लायकी धरली गेली असावी.

आता नौकेबद्दल. लढाईच्या काळात वर्तमानपत्रांत जहाजांचे फोटो यायचे. ते बघून मला वेड लागलं. एखादा सिनेमाच्या नट्यांचे फोटो जमवतो, तसे मी जहाजांचे जमवले. मग वाटलं, ह्या सगळ्यांत काही ना काही उणं आहे. आपण एक आदर्श काढू. सर्वांत जाड चिलखत, सर्वांत लांब पल्ल्याच्या तोफा आणि तरीही सर्वांत जास्त वेग. मी समुद्र पाहिला नव्हता. माझ्या माहितीतलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे ग्वाल्हेरजवळचा तिघऱ्याचा तलाव.

"तिथेसुद्धा काठापासून दहा हात लांब बसता," आमची मंडळी म्हणायची, "अन् चालले जहाज बनवायला!"

तिचा राग खरा वेगळाच होता. आमचे नकाशे ट्रेसिंग क्लॉथवर उतरत. ते तलम कापड असतं, खळ दिलेलं. गरम पाण्यात खळ काढली की त्याची इतकी मऊ झबली होतात, की आमच्या माधवगंजातल्या निम्म्या ड्राफ्ट्समनांची पोरं त्यांतच वाढली. रद्द झालेल्या शीटचे तुकडे साहेबांच्या परवानगीने घरी नेता यायचे. पण मी ते जोडून जोडून त्यांवर नौका काढत होतो. नऊ वर्षांत आमच्या घरातल्या दोन पोरांची झबली त्या नौकेत गेली, असा तिचा हिशेब होता.

घरचा बोर्ड तीन फुटांचा. नौका पाच फुटांची. म्हणून शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं झालं की मी तिला ऑफिसच्या मोठ्या टेबलावर घ्यायचो. त्या वर्षी इंदूरला जायची बांधाबांध शनिवारीच निघाली. माझं लक्ष चुकलं, आणि कुणीतरी टेबलावरच्या सगळ्या गुंडाळ्या नळ्यांत कोंबल्या. माझी नेमणूक मागे राहणाऱ्यांत होती. बाकीचं सगळं ऑफिस इंदूरला गेलं आणि त्याच्याबरोबर नौकाही गेली. तो उन्हाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. सरकारी टेबलावर युद्धनौका काढणाऱ्या माणसाला साहेब हेड ड्राफ्ट्समन तर करणार नाहीतच, पण ट्रेसर करतील, म्हणजे दुसऱ्याच्या रेघा गिरवणारा, अशी माझी खात्रीच झाली होती.

आणि आता ती परत आली होती.

आमच्या प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात चार चौकोन असतात. कोणी काढला, कोणी ट्रेस केला, कोणी तपासला, कोणी मंजूर केला. तपासल्याची सही नसेल तर नकाशा ऑफिसबाहेर जात नाही. तपासणारा काढणाऱ्याइतकाच जबाबदार असतो. सवयीने मी नौकेच्या कोपऱ्यातही चार चौकोन आखले होते. पहिल्या दोनांत माझं नाव होतं. तिसऱ्या चौकोनात आता ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'तपासले. दुरुस्त्या ४७. पुन्हा सादर करावे. वि. पाध्ये.'

"पाध्ये, तुम्ही सही केलीत?"

"रिकामा चौकोन दिसला की हात जातो," ते इंदुरी हेलात म्हणाले. "बारा वर्षांची सवय आहे भिया."

"साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं तर ते नौका जप्त करतील. मग माझ्या सत्तेचाळीस खुणांचं काय? पूर्ण मे महिना लागला मला. तुम्ही आधी दुरुस्त्या करा."

मी खुणा वाचायला घेतल्या. पहिली खूण उत्तर दिशेच्या बाणाला होती. इमारतीच्या नकाशात उत्तर दाखवावीच लागते, म्हणून मी नौकेलाही दाखवली होती. शेजारी लाल अक्षरांत प्रश्न होता: 'जहाज वळल्यावर उत्तर कुठे जाणार?' पुढे प्रत्येक गोल खिडकीवर मी अठरा इंचांचा छज्जा दिला होता. तिथे शेरा होता: 'तोफगोळा छज्ज्याने अडेल काय?' कप्तानाच्या खोलीला मी पूर्वेकडे व्हरांडा दिला होता. तिथे नुसतं लाल उद्गारचिन्ह होतं.

मी चिडलो. चिडलो म्हणजे कानापर्यंत लाल झालो. इंदूरचा माणूस मला जहाज शिकवणार? इंदुरात तर तिघराही नाही. मी एकेका खुणेला उत्तर लिहायला बसलो. जेवणाच्या सुट्टीत आम्ही टेबलाशी उभे राहून भांडायचो. तीन आठवडे चाललं. छज्जे मी काढून टाकले. व्हरांडा मी सोडला नाही. कप्तानाला वारा लागतो, या मुद्द्यावर मी ठाम राहिलो. पाध्ये हसले आणि त्यांनी ती खूण मागे घेतली.

एकतिसावी खूण खालच्या मजल्यावरच्या न्हाणीघरांना होती. तिथे एकूण चोवीस न्हाणीघरं होती. प्रत्येकाच्या फरशीला मी बाहेरच्या बाजूला ढाळ दिला होता आणि भिंतीत मोरीचं पाणी जायला चार इंचांचं भोक ठेवलं होतं. आमच्या खात्यातला हात झोपेतही हेच काढतो.

"मग? पाणी साचू द्यायचं का?" मी विचारलं.

पाध्येंनी पेन्सिलीने पाण्याची पातळी दाखवली. ती मीच आखली होती. न्हाणीघरं तिच्या खाली आठ फूट होती.

"मोघे, ह्या मोरीतून पाणी बाहेर जाणार, का आत येणार?"

मी पट्टी लावून पुन्हा मोजलं. सर्वांत जाड चिलखताची, कुठल्याही तोफेला न भेदता येणारी माझी आदर्श नौका पाण्यात सोडल्याबरोबर बुडणार होती. शत्रूला यायचीसुद्धा गरज नव्हती. चोवीस भोकं मी स्वतः मोजूनमापून पाडली होती. नऊ वर्षांत मला ती दिसली नव्हती. मला हसू यायला हवं होतं. मला रडू येत होतं.

त्याच वेळी माथुर साहेब आत आले.

मी नौकेवर टी-स्क्वेअरची लांब पट्टी ठेवली. पाध्येंनी एका शाळेचा नकाशा ओढून घातला. पाच फुटांची नौका काही झाकली जाईना.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

"सर, ड्रॉइंग."

"वो तो दिख रहा है. किस काम का?"

"ड्रेनेज का, सर," पाध्ये म्हणाले. त्या क्षणी ते अगदी खोटंही नव्हतं.

साहेबांनी चष्मा चढवला आणि सरळ उजवा कोपरा वाचला. आधी माझं नाव, मग पाध्येंचं. पाध्येंचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. सवयीने केलेल्या सहीने तेही माझ्याइतकेच अडकले होते.

"ये लड़ाई किससे होनी है?" साहेबांनी विचारलं. "पड़ोस के मुरैना से?"

मग त्यांनी बोटांनी कापड चाचपलं.

"कपड़ा सरकारी है?"

"रद्द शीटों के टुकड़े हैं सर. साहब लोगों की परमिशन से मिले थे. मैंने जोड़े हैं."

साहेबांनी नौका उजेडात धरून जोड पाहिले. "जोड़ अच्छे हैं," ते म्हणाले आणि चक्क स्टूल ओढून बसले. मग एकेक लाल खूण त्यांनी आम्हाला वाचून दाखवायला लावली. एकतिसाव्या खुणेवर थांबले.

"ये पाध्ये ने पकड़ा?"

"जी."

"और तुमने कितने साल में बनाया?"

"नौ."

साहेबांनी मान हलवली. मग म्हणाले, "अच्छा, अब ये बताओ, रसोई कहाँ है?"

मी नौकेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. पाध्येंनीही फिरवली. रसोई नव्हती. मी काढली नव्हती आणि सत्तेचाळीस खुणांत पाध्येंना ती आठवलीही नव्हती. घरी आयतं पान मांडलं जाणाऱ्या दोघांकडून दुसरं काय होणार!

"यहाँ नौ सौ आदमी लिखे हैं. क्या खाएँगे? बारूद?" साहेब उठले. चौथा चौकोन त्यांनी रिकामाच ठेवला. "इसको घर ले जाओ. टेबल पर दुबारा दिखा तो दोनों को ट्रेसर बना दूँगा."

पुढच्या आठवड्यात ऑर्डर निघाली. हेड ड्राफ्ट्समन पाध्ये. मी दुसरा.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "मोघे, तुम उससे अच्छा बनाते हो. ये मैं लिखकर दे सकता हूँ. लेकिन हेड ड्राफ्ट्समन का काम बनाना नहीं है, पकड़ना है."

मला फार लागलं ते. ग्वाल्हेरचा माणूस ग्वाल्हेरच्या ऑफिसात इंदूरच्या हाताखाली! माधवगंजात महिनाभर मी लोकांच्या नजरा चुकवत फिरलो. पण मनातून एक गोष्ट मला ठाऊक होती, आणि त्याचाच जास्त राग येत होता. साहेबांचं बरोबर होतं.

नियमाप्रमाणे हेडने स्वतः काढलेला नकाशा दुसऱ्याने तपासायचा. पाध्येंचा पहिला नकाशा माझ्याकडे आला तो एका दवाखान्याचा. मी दोन दिवस दुसरं काही केलं नाही. तेहेतीस चुका काढल्या. त्यांतल्या चार खऱ्या होत्या. पाध्येंनी चारही मुकाट दुरुस्त केल्या आणि उरलेल्या एकोणतिसांवर माझ्याशी आठवडाभर भांडले. पुढे मध्यभारतही गेला, मध्यप्रदेश झाला, ऑफिस भोपाळला गेलं, आम्ही दोघंही गेलो. इतकी वर्षं मला त्यांची खुर्ची हवी होती आणि त्यांना ते माहीत होतं. त्या वर्षांत आमच्या ऑफिसातून एकही चुकीचा नकाशा बाहेर गेला नाही.

मग पाध्ये निवृत्त झाले आणि खुर्ची मला मिळाली. हाताखाली सगळी सज्जन माणसं होती. माझा नकाशा गेला की बघताबघता तपासल्याची सही व्हायची, वर "वा, मोघेसाहेब" असंही कुणी म्हणायचं. पहिल्याच वर्षी मी काढलेली एक शाळा बांधून झाली. तिच्या जिन्याखालच्या वाटेने मोठ्या माणसाला वाकून जावं लागतं. उद्घाटनाला मंत्र्यांनाही वाकावं लागलं.

आपलं काम मित्राला दाखवू नये. ज्याला आपली खुर्ची हवी आहे त्याला दाखवावं. तितक्या मायेने ते दुसरं कोणी वाचत नाही.