आधीच भरलेले रकाने

चाकणच्या ज्या कंपनीत मी एकोणीस वर्षं तपासणीचं काम करते, तिथे प्रत्येक मशीनला एक कागद लटकवलेला असतो. त्यावर आठ रकाने. पाळी सुरू झाली की दर तासाला एक नग काढायचा, मायक्रोमीटरने मोजायचा आणि येईल ते माप त्या तासाच्या रकान्यात लिहायचं. काम सोपं आहे. सोपं आहे म्हणूनच लोक ते करत नाहीत.

मागच्या एप्रिलमध्ये ग्राइंडिंगवरच्या एका ऑपरेटरचा कागद मी सकाळी साडेदहाला हातात घेतला, तर दुपारी तीनपर्यंतचे सगळे रकाने भरलेले. माणूस बीडकडचा, हाताला चांगला, दहा वर्षं त्याच मशीनवर. मी विचारलं, हे काय?

"मॅडम, माप हालतच नाही. तीन वाजता बी हेच येणार."

"तीन वाजता काय येणार ते तुम्हाला साडेदहाला कसं कळलं?"

"अनुभव हाय की," तो म्हणाला आणि हसला. शेजारच्या मशीनवरचेही हसले.

मी त्याला लेखी ताकीद द्यायला लावली. कुणाला आवडलं नाही. मलाही त्यात काही आनंद नव्हता, पण आमच्या पिना गाडीच्या ब्रेकमध्ये जातात. तिथे अनुभव चालत नाही, माप चालतं.

हे आधी सांगितलं, कारण पुढे मी जे केलं ते याच्याच शेजारी ठेवून बघायला हवं.

त्या आधीचं वर्ष माझं आजारपणात गेलं होतं. डाव्या स्तनाचा कॅन्सर. केमो, ऑपरेशन, मग पंचवीस दिवस रेडिएशन. डिसेंबरात सगळं संपलं. केमोसाठी छातीच्या उजव्या बाजूला कातडीखाली एक डबी बसवतात, तिला पोर्ट म्हणतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, काही महिने राहू द्या, त्रास नसतो त्याचा. मी म्हटलं, काम झालं ना, मग काढा. नको असलेली वस्तू ठेवून घ्यायची मला सवय नाही. जानेवारीत पोर्ट काढला. काळेवाडीतल्या आमच्या गल्लीतल्या बायकांनी ओटी भरली, पुनर्जन्म झाला म्हणाल्या. नारळाच्या वड्या करून मी घरोघर दिल्या. दवाखान्याची फाइल माळ्यावर गेली. फेब्रुवारीत मी कामावर हजर झाले. मार्चच्या तपासणीत काही निघालं नाही. पुढची तारीख जूनअखेरची. ती मी कॅलेंडरवर गोल करून ठेवली.

घरात आम्ही दोघंच, मी आणि हे. आम्हाला मूल नाही. हे चिखलीला एका छोट्या टूलरूममध्ये कामाला आहेत. आमच्या दोघांच्याही आयुष्यात मोजमाप सोडून फारसं काही नाही, असं ह्यांची बहीण म्हणते. तिच्याच मुलीचं मे महिन्यात लग्न होतं. त्यासाठी ब्लाउज शिवायचा होता.

दोन घरं सोडून एक भाभी राहतात, ब्लाउज-ड्रेस शिवतात. नवरा मेकॅनिक. माझं ऑपरेशन झाल्यावर स्तनाच्या जागी घालायचा दुकानातला तयार पॅड मला टोचायचा, तेव्हा त्यांनीच मला सुती कापडाचा पॅड शिवून दिला होता. आत कापूस आणि कापसाच्या मध्ये मोहरी. नुसता कापूस हलका पडतो, मग एक खांदा वर चढतो, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा त्यांनी मोहरी मुठीने घातली, मला गल्लीत चालायला लावलं आणि मागून बघून चिमूटभर आणखी घातली. तेव्हापासून माझे खांदे सरळ आहेत.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, ऑपरेटरला ताकीद देऊन दहाएक दिवस झाले असतील, लग्नाच्या ब्लाउजसाठी त्या पॅडचा आतला खिसा बेतत होत्या. व्रणावरून फिरणारा त्यांचा हात थांबला.

"ताई, इथं काय लागतंय? तांदळाच्या दाण्यासारखं."

मी म्हटलं, टाक्याची गाठ असेल.

"टाका तर वर आहे. हे वेगळं आहे. दाखवून घ्या."

घरी येऊन मी दार लावलं आणि बोटांनी चाचपलं. पिनच्या कडेला केसाएवढी धातूची कुस राहिली तर ती डोळ्यांआधी माझ्या बोटाला कळते. हेही कळलं. मला माहीत नव्हतं, असं मी कुठेच म्हणणार नाही. कळलं होतं.

आमच्याकडे डेव्हिएशन नावाचा एक प्रकार असतो. माल मापाच्या किंचित बाहेर गेला आहे, गाडी दारात उभी आहे, पुढची लाइन थांबेल, अशा वेळी एक फॉर्म भरतात. इतके नग, इतके दिवस, असेच चालवून घ्यावेत. खाली सही. मी स्वतःसाठी तसा फॉर्म भरला. कागदावर नाही, पण भरला. मेअखेर कंपनीत मोठ्या ग्राहकाचं ऑडिट होतं. वर्षभर मी नसताना तपासणीचे कागद वाऱ्यावर गेले होते आणि ते सरळ करण्याचं काम माझ्यावर होतं. मी रुजू झाले तेव्हा मॅनेजरनी हसत विचारलं होतं, "आता परत रजा नाही ना?" माणूस वाईट नाही. पण परत रजा मागितली की मला मशीनशॉपवरून उचलून ऑफिसात फाइलींपुढे बसवणार, हे मी ओळखून होते. म्हणून ठरवलं, ऑडिट होईपर्यंत. शिवाय लग्नघरात दवाखाना कशाला.

ही कारणं खोटी नाहीत. पण खरं कारण वेगळं होतं. सगळं संपलं आहे असं लोकांना सांगताना मला बरं वाटत होतं. बसमध्ये कुणी विचारलं की मी म्हणायची, झालं सगळं. ते आणखी थोडे दिवस म्हणायचं होतं.

लग्नात तो ब्लाउज घातला. जेवणाच्या पंगतीत वाढलं, फोटो काढले. तोपर्यंत तांदळाची तूरडाळ झाली होती. मेअखेरीस दुसरा दाणा आला. ऑडिट उत्तम झालं. ग्राहकाकडच्या साहेबाने ग्राइंडिंगचा कागद मुद्दाम बघितला आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी ह्यांना सांगितलं, गाठ लागतेय. ह्यांनी स्टूल घेतलं, माळ्यावरून फाइल काढली, तिच्यावरची धूळ पुसली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी व्रणावरून हात फिरवला आणि फाइल उघडली.

"कधीपासून आहे?"

हे शेजारच्या खुर्चीत बसले होते. मी म्हणाले, "आठ-दहा दिवस झाले असतील." डॉक्टरबाईंनी ते लिहिलं.

सुई घालून तुकडा काढला. आठवड्याने रिपोर्ट आला, मग पेट स्कॅन. व्रणावरचे दोन दाणे, दोन्ही फुप्फुसांत ठिपके, एका बरगडीत एक. उपचार संपून सहा महिनेही झाले नव्हते. डॉक्टरबाई आडवळणाने बोलत नाहीत. आता औषध देऊ ते आजार घालवायला नाही, थोपवून धरायला, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, किती केमो? मागच्या वेळी आकडा मिळाला होता. एकेक झाला की मी फ्रिजवरच्या कागदावर फुली मारायची.

"औषध चालेल तोवर," त्या म्हणाल्या.

"आणि चालेनासं झालं की?"

"मग दुसरं बघू."

त्यानंतर काय, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पोर्ट परत बसवला, जुन्या व्रणाला लागूनच. काढायची घाई केली नसती तर ही चिरफाड वाचली असती.

गल्लीत बातमी पसरली. ज्यांनी ओटी भरली होती त्या बायका मला बघून पदर सारखा करत बाजूने जायला लागल्या. एकीने सांगितलं, वड्या वाटल्या तेव्हाच कुणाची तरी नजर लागली. मी म्हटलं, वडी तुम्हीही दोन वेळा मागून घेतली होती. त्यावर ती आठ दिवस बोलली नाही. तेवढीच शांतता.

पहिल्या केमोनंतर भाभी खिचडा घेऊन आल्या. मी आडवी पडले होते, ह्यांनी त्यांना चहा दिला. कपाला हात लावून त्या ह्यांना म्हणाल्या, "मी तर तेव्हाच बोलले होते ताईंना. लग्नाच्या ब्लाउजच्या वेळी. दाखवलं असेल ना लगेच?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. हे म्हणाले, "हो, दाखवलं." भाची ह्यांच्याच बहिणीची, लग्नाची तारीख ह्यांना पाठ. भाभी गेल्यावर ह्यांनी कप विसळले, खिचडा झाकून ठेवला आणि बाहेर जाऊन बराच वेळ गाडी पुसत बसले.

दोन दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला हे पोह्यांतल्या मिरच्या बाजूला काढत होते. मान खालीच होती.

"डेव्हिएशन होतं का?"

"हो."

"किती दिवसांचं?"

"पाच आठवडे."

"सही कुणाची?"

"माझीच."

हे घास चावत राहिले. मग म्हणाले, "एकट्याच्या सहीवर होत नाही ते. ग्राहकाला विचारावं लागतं." डबा घेतला आणि कामावर गेले.

मी त्यावर दिवसभर भांडले, मनातल्या मनात. माझी छाती, माझा व्रण, विचारायचं कुणाला? वर्षभर हा माणूस माझी उलटीची बादली धूत होता. केस गेले तेव्हा डोक्याला खोबरेल तेल लावत होता. रेडिएशनला पंचवीस दिवस अर्धी रजा टाकून गाडीवर नेत होता. संध्याकाळपर्यंत मी ते भांडण हरले होते.

पुढच्या केमोला मी डॉक्टरबाईंना म्हटलं, फाइलमध्ये एक चूक आहे. मी दहा दिवस सांगितले होते, पाच आठवडे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. आता औषधात फरक पडणार नाही म्हणाल्या. मी म्हटलं, तरी दुरुस्त करा. त्यांनी जुन्यावर एकच रेघ मारली, वर नवीन लिहिलं, बाजूला छोटी सही केली. आम्हीही असंच करतो. खाडाखोड नाही, पांढरा रंग नाही, आधीचं वाचता आलं पाहिजे.

मग मी ते विचारलं, ज्यासाठी गेले होते. "पाच आठवडे आधी आले असते तर?"

"फुप्फुसांतलं तेव्हाही असणार, बहुतेक," त्या म्हणाल्या. "पण तसं मी लिहून देऊ शकत नाही."

डांगे चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा हे पुढे बघतच म्हणाले, "बहुतेक म्हणाल्या." मी हो म्हटलं. सिग्नल सुटला.

त्या एका शब्दावर आम्ही दोघं राहतो आहोत. तो पूर्ण पुरत नाही. मापात बसेल असं कुणी सांगत नाही, बाहेर गेलं असंही नाही. आमच्या धंद्यात अशा मालाला पिवळी चिठ्ठी लावून बाजूला ठेवतात आणि रोज त्याच्या शेजारून जावं लागतं.

बऱ्या आठवड्यात मी कामावर जाते. मॅनेजरनी ऑफिसात खुर्ची दिली आहे, मी ओळखून होते तशीच. तरी दिवसातून एकदा खाली शॉपवर उतरते. बीडवाल्या ऑपरेटरने मला बघून कागद पुढे केला. बारा वाजले होते आणि बारापर्यंतचे रकाने भरलेले होते.

"आता तासाला लिहितो, मॅडम."

"मी येताना दिसले म्हणून थांबलात, की खरंच?"

"अर्धं अर्धं," तो म्हणाला. मग टोपी सारखी करत हळू आवाजात विचारलं, "तब्येत?" मी म्हटलं, चाललंय. त्याची ताकीद मात्र मी मागे घ्यायला सांगितली नाही. माझ्या चुकीने त्याची चूक बरोबर होत नाही.

डॉक्टरबाईंनी छातीवरच्या दाण्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं आहे. आतलं स्कॅनमध्येच दिसतं, पण हे बाहेरचं आपल्याला बघता येतं. ह्यांनी टूलरूममधून प्लास्टिकचा व्हर्निअर आणला, लोखंडी गार लागतो म्हणून. दर रविवारी आंघोळीनंतर मी खिडकीशी बसते, हे चष्मा लावून दोन्ही दाणे मोजतात. कागद ह्यांनीच आखला. तारीख, पहिला दाणा, दुसरा दाणा आणि शेवटी सहीचा रकाना. सही ह्यांची. पानभर ओळी आखल्या आहेत. एवढ्या कशाला, मी विचारलं.

"आखायला काय लागतंय," हे म्हणाले.

पहिल्या रविवारी जे माप होतं तेच दुसऱ्या रविवारी आलं. तिसऱ्या रविवारी एक दाणा थोडा कमी झाला आणि त्या दिवशी ह्यांनी जिलेबी आणली. काल चौथा रविवार होता. दोन्ही मापं वाढून आली. मी म्हटलं, परत घ्या. ह्यांनी व्हर्निअर शून्यावर आणून बघितला आणि परत मोजलं. तेच आलं. ह्यांनी ते लिहिलं, सही केली आणि व्हर्निअर पुसून डबीत ठेवला.