दडवा प्रत्यय

हिंदी मुलखातल्या एका शहरात, खंडेराव गेटजवळ राहणारी कश्मिरा शाळेत हिंदी शिकवते आणि फावल्या वेळात एक भाषा रचते. कुठेच न बोलली जाणारी, तिने स्वतः घडवलेली. नागपूरचा सुजय फोनवरून व्याकरणात मदत करतो. गेल्या वर्षी दोघं प्रयोगांवर अडले होते. करणारा सांगायचा असेल तर क्रियापदाला एक प्रत्यय, करणारा आहे पण सांगायचा नाही तर दुसरा, आणि करणारा नाहीच, पान गळतं तसं, तर तिसरा. प्रत्यय ठरले होते, त्यांना नावं नव्हती.

त्याच सुमारास तिच्या वडिलांचा, दामोदररावांचा, उजवा हात कारखान्यातल्या प्रेसमध्ये सापडला. बोटं गेली.

कारखान्याचे साहेब सफरचंदं घेऊन घरी आले. "क्या करें दामोदर जी, मशीन चल गई."

"चल गई, या चलाई गई?" कश्मिराने विचारलं.

"एक ही बात है, बेटा."

"बिलकुल नहीं!" तिचा आवाज इतका चढला की आईने, भावनाताईंनी, तिला हाताला धरून आत नेलं.

साहेब गेल्यावर ती वडिलांवर उखडली. "तुम्हीही सगळ्यांना 'हाताला लागलं' सांगताय. दारात ठेच लागल्यासारखं!"

"अगं, रिटायरमेंट तोंडावर आलीय. कशाला पंगा?"

तिने तिथेच सुजयला फोन लावला. "दुसऱ्या प्रत्ययाचं नाव 'दडवा'."

"कर्मणी म्हण ना. दडवा शिवीसारखं वाटतं."

"शिवीच आहे. आणि नियम लिही. ऐकणाऱ्याने 'कोणी?' विचारलं की सांगावंच लागेल. नाहीतर वाक्य अपुरं."

दामोदरराव खुर्चीतून ऐकत होते. "आणि साहेब बोलले ते?"

"त्यांनी तर तिसराच लावला, बाबा. माणूस होता, तरी कोणी नव्हतंच म्हणाले. त्याला माझ्या भाषेत खोटं म्हणतात."

त्यांनी बँडेज बांधलेला हात पुढे केला. मग म्हणाले, "मी आत हात घालून सफाई करत होतो. बटण माझ्यासोबतच्या संतोषनं दाबलं. साहेब त्याच्या डोक्यावर उभे राहून ओरडत होते, 'दबा, माल जाना है!' मशीनची सुरक्षेची जाळीही त्यांनीच काढायला लावली होती."

चौकशीत त्यांनी हेच, याच शब्दांत सांगितलं. काही दिवसांनी कारखान्यातून निरोप आला, 'उचित कार्रवाई की गई है.'

"किसने की? किस पर?" कश्मिरा फोनवर ओरडली. पलीकडून फोन बंद झाला.

कारवाई संतोषवर झाली होती. साहेब आपल्या खुर्चीत होते.

या वेळी दामोदररावच भडकले. लेकीला घेऊन ते ओरछा गेटला संतोषच्या घरी गेले. तो दारात मान खाली घालून उभा राहिला. "चल मेरे साथ," ते म्हणाले. "जिसने दबवाया, उसका नाम दोनों लेंगे."

दोघांनी मिळून साहेबांवर दावा लावला. तो अजून चालू आहे. तारीख असली की कश्मिरा रजा टाकून जाते. वकील दर वेळी बजावतात, "मॅडम, जरा शांत रहिए."

ती राहत नाही.