धोंड्याच्या महिन्यातला जावई

विरूपाक्ष बिराजदार आणि मी नांदेडच्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात सव्वीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. एक वाजता डबे उघडायची वेळ झाली की सगळं कार्यालय त्याच्या टेबलाकडे सरकायचं. एकशे चाळीस किलोचा माणूस. कोणाच्या डब्यात काय आहे ते झाकण निघायच्या आत वासावरून सांगायचा, आणि सहसा चुकायचा नाही. त्याची बायको सिंधू रोज चौघांपुरत्या भाकरी बांधून द्यायची, कारण त्याच्या डब्यात इतरांचे हात पडणार हे तिला ठाऊक होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याचे आईवडील आधीच गेलेले.

सिंधू चार वर्षांपूर्वी गेली. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं, मग जंतुसंसर्ग झाला आणि नवव्या दिवशी ती गेली. तिची आई लक्ष्मम्मा शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. मूळची बिदरकडची, त्यामुळे तिच्या मराठीत मधूनच कानडी येतं. माती झाल्यावर तिने विरूपाक्षचा हात धरला आणि म्हणाली, "बापू, माझी शपथ हाय. आता आपल्या घरातलं कुणी चाकूखाली जायचं न्हाई. तुमी बी न्हाई." त्याने होकारार्थी मान हलवली.

पुढच्याच वर्षी अधिक महिना आला. आमच्याकडे याला धोंड्याचा महिना म्हणतात. दर तीन वर्षांनी येतो, आणि त्यात लेक-जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे खाऊ घालतात. लेक नसताना जावयाला बोलवायची रीत नाही. गावातल्या बायका तसं बोलल्याही. लक्ष्मम्मा म्हणाली, "लेक गेली, जावई कुठं गेलाय?" त्या दिवशी विरूपाक्षने अकरा धोंडे खाल्ले. अकरावा खाताना म्हातारी रडत होती आणि वाढतही होती, असं त्याने मला सांगितलं होतं.

त्यानंतर त्याची तब्येत ढासळली. गुडघे गेले, साखर वाढली. मुख्य म्हणजे झोपेत त्याचा श्वास अडकायचा. सिंधू असताना ती कोपराने ढोसून जागं करायची. आता ढोसायला घरात कोणी नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की वजन उतरलं नाही तर एखाद्या सकाळी तुम्ही उठणार नाही. तो मागच्या वर्षी मार्चमध्ये बारा दिवसांची रजा टाकून हैदराबादला गेला आणि पोटाचं ऑपरेशन करून आला. तपासणीला जातो एवढंच आम्हाला सांगितलं होतं.

परत आल्यावर त्याने मला कागदावर आकृती काढून दाखवली. जठराचा वरचा अंड्याएवढा भाग ठेवून बाकीचं बाजूला केलेलं, आणि त्या लहान पिशवीला आतडं खालून वर आणून जोडलेलं. त्यामुळे चार-पाच चमच्यांत पोट भरतं. घास पीठ होईपर्यंत चावायचा, नाहीतर तो छातीत अडकतो. डाळ, पनीर, दही आधी खायचं, भाकरी जागा उरली तर. जेवताना पाणी बंद. जेवणाआधी अर्धा तास नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही, कारण पाण्याबरोबर अन्न न पचता पुढे सरकतं. आणि गोड तर त्या पिशवीत थांबतच नाही, सरळ आतड्यात उतरतं. मग आतडं अंगातलं पाणी ओढून घेतं, छाती धडधडते, घाम फुटतो, माणूस आडवा होतो.

एकदा कार्यालयात कोणाच्या तरी मुलीच्या निकालाचा पेढा त्याने खाल्ला. पाऊण तास तो स्टोअररूममध्ये कागदांच्या गठ्ठ्यांवर निजून होता. त्यानंतर लोक त्याला काही द्यायला घाबरू लागले. मग डबे दुसऱ्या टेबलावर उघडू लागले. मुद्दाम कोणी केलं नाही. एक माणूस वीस मिनिटं एकेक घास चावत बसला की समोरच्याला आपलं खाणं अवघड वाटतं, एवढंच. तो एक वाजता वाटी उघडायचा, दीडला बंद करायचा आणि दोन वाजता पहिला घोट पाणी प्यायचा.

अठ्ठावन्न किलो वजन उतरलं. पण शपथेमुळे त्याने लक्ष्मम्माला काही सांगितलं नाही. परीक्षांची कामं पुढे करून सव्वा वर्ष तो तिकडे गेलाच नाही. दर रविवारी फोन तेवढा करायचा. यंदा मेच्या मध्यावर अधिक महिना लागला आणि निरोप आला, पुढच्या रविवारी धोंडे.

"साहेब, तुम्ही बरोबर चला," तो म्हणाला. "माझ्या वाटणीचं तुम्ही खा."

"सांगून टाक ना त्यांना."

"शपथ मोडली म्हणून सांगू? अन् न्हाई खाल्लं तर म्हणतील, याला आता हे घर नको झालं. साहेब, तेवढं एकच दार हाय मला. आपलेपणानं 'या' म्हणणारं दुसरं कुणी न्हाई."

मी गाडी काढली. अहमदपूर, चाकूर करत आम्ही साडेअकराला पोचलो. ऊन मी म्हणत होतं. तो वाटेत दर दहा मिनिटांनी बाटलीचं झाकण उघडून चमचाभर पाणी तोंडात घ्यायचा. एकदम प्यायलेलंही त्याला सोसत नव्हतं.

लक्ष्मम्मा दारात उभी होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. जावई कोणता ते तिला क्षणभर कळलंच नाही.

"अय्यो," ती म्हणाली. "बापू, हे तुमीच हाव का?"

"हाव अव्वा. जरा चालणं वाढवलं." सासूला तो तिच्याच कानडीत अव्वा, म्हणजे आई म्हणायचा.

सिंधूचा चुलत भाऊ महांतेश ओट्यावर बसला होता. तो हसला. "दाजी, नांदेडहून चालतच आलाव का काय? शर्ट नवा, पोट गायब! नवी सोयरीक बघून राहिलाव वाटतं."

"गप रे," विरूपाक्ष म्हणाला.

"गप काय? आमाला बी वरातीत घ्या म्हणतो मी."

म्हातारी हसली नाही. तिने गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने गूळ बोटात धरला, ओठाला पाणी लावलं आणि तांब्या खाली ठेवला. तीन तासांच्या उन्हातून आलेला माणूस पाणी पीत नाही, हे तिने पाहिलं. मी माझा तांब्या रिकामा केला. पण माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

पानं मांडली. आम्ही दोघं आणि महांतेश. पोळ्यांसारख्याच कणकेत पुरण भरून उकडलेले धोंडे, वरून गुळाचं पाणी, म्हणजे गुळवणी, त्यावर तुपाची धार. विरूपाक्षने ठरवल्याप्रमाणे आधी वरण घेतलं आणि चावू लागला. वरण चावणारा माणूस त्या घरात कोणी पाहिला नसावा. मी दोन धोंडे संपवले तेव्हा त्याचा चौथा चमचा चालू होता.

लक्ष्मम्मा समोर बसली. "बापू, धोंड्याला हात न्हाई लावलाव."

"खातो अव्वा. सावकाश."

"मागच्या खेपंला अकरा खाल्ले होते तुमी."

"तेव्हा भूक होती."

हे उत्तर चुकलं. ते त्यालाही कळलं आणि मलाही. तिने वाढायचा चमचा परातीत ठेवला.

"खरं सांगा," ती हळू आवाजात म्हणाली. "दुसरी करून राहिलाव तर करा. माझी ना न्हाई. लेकरू न्हाई, बाळ न्हाई, एकल्यानं किती दिवस काढाल? पर ह्या घरचं खायचं न्हाई असं मनात असंल तर तोंडानं सांगा. पानावर बसून सांगू नका."

"अव्वा, तसं काही न्हाई."

"मग खावा."

मी म्हणालो, "आजी, त्यांची तब्येत जरा..." त्याने माझ्या मांडीवर हात ठेवला. मग गुळवणीत भिजलेला धोंडा उचलला आणि खाल्ला. हल्लीसारखा चावून चावून नाही, पूर्वीसारखा. दोन घासांत. दुसरा अर्धा तिने स्वतः भरवला आणि तोही त्याने गिळला. म्हातारीचा चेहरा निवळला. महांतेश म्हणाला, "आता दिसले दाजी!"

मी घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं.

एक पंचविसला तो ओट्यावर येऊन टेकला. कपाळावरून घाम टपकू लागला. ओठ पांढरे पडले. "साहेब, आडवं करा," एवढं म्हणून तो तिथेच कलंडला. महांतेश गावातल्या डॉक्टरकडे धावायला निघाला, त्याला वाटलं हृदयविकार आहे. मी अडवलं. अर्ध्या-पाऊण तासात बरं वाटेल, हे मला स्टोअररूममुळे माहीत होतं. लक्ष्मम्मा पदराने वारा घालत होती. वारा लागावा म्हणून तिने त्याच्या शर्टाची बटणं काढली.

पोटावर पाच लहान खुणा होत्या. जखमा भरून आलेल्या, पण दिसत होत्या.

पदर हलायचा थांबला. तिने एका खुणेवर बोट ठेवलं. "चाकू लावलाव," ती म्हणाली.

तो डोळे मिटून होता. "हाव अव्वा."

"कधी?"

"मागच्या मार्चात."

मला वाटलं आता ती शपथेवरून बोलेल.  पण तिने विचारलं, "दवाखान्यात कोण होतं?"

"कुणी न्हवतं."

"सही कुणी केली? सिंधूच्या येळी तुमी केली होती. माणूस लागतो सहीला."

"लॉजच्या मॅनेजरला नेलं होतं."

हे मलाही नवीन होतं. सव्वा वर्षात तो हे बोलला नव्हता. मी नांदेडला होतो, फोन केला असता तर सहा तासांत पोचलो असतो. मी ओट्याच्या कडेला बसून राहिलो.

"लॉजचा मॅनेजर," म्हातारी म्हणाली. "मी मेले होते का, बापू?"

 तिने त्याच्या शर्टाची बटणं एकेक करून परत लावली आणि आत गेली. आम्ही साडेचारला निघालो. तिने रीतीप्रमाणे तेहतीस अनारशांचं वाण दिलं, दिवा लावून, कुंकू लावून. काही राखून ठेवलं नाही. त्यानेही वाकून नमस्कार केला. दार बंद झालं नव्हतं. गाडीत तो अहमदपूरपर्यंत पडून होता, पण चेहरा हलका दिसत होता. मी म्हटलं, सुटलास. तो म्हणाला, हाव.

आषाढात एका रविवारी तो एकटाच एसटीने जाऊन आला. सोमवारी दुपारी मी माझा डबा घेऊन त्याच्या टेबलाशी बसलो आणि विचारलं, कसं झालं?

त्या दुपारी मी महांतेशला सगळं पथ्य सांगितलं होतं, ते तिने त्याच्याकडून विचारून घेतलं होतं. मुगाचं घट्ट वरण केलं होतं, दही लावलं होतं. सगळं मोजून वाटीत. पाण्याचा तांब्या आधीच उचलून ठेवला होता. शेजारीण शिरा घेऊन आली तर तिला दारातूनच परत पाठवलं. तो जेवेपर्यंत समोर बसून राहिली. वाढायला हातात काही नव्हतं.

"मग चांगलंच झालं की," मी म्हणालो.

"हाव. चांगलंच झालं." तो घास चावत राहिला. घास गिळल्यावर म्हणाला, "वाटी संपली. तिनं विचारलं, झालं? मी म्हणलं, झालं. वाटलं, म्हणंल अजून एक चमचा घ्या. मी न्हाईच म्हणलो असतो, साहेब. पर ती उठली अन् वाटी धुवायला घेऊन गेली."